शिरवाळ्यांचा साचा

देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम. माझ्या मुलाने, अपूर्वने, नेमकं तेव्हाच सांगितलं, "आई, शिरवाळ्यांचा लाकडी साचा चिंतामणीला देतोय. जयगडच्या त्याच्या होमस्टेत शोभेला ठेवणार. येतोच आहे न्यायला."

सासूबाई गेल्यापासून साचा माळ्यावर होता. तो दाबायला दोन माणसं लागतात. पण तो द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी तो उतरवून धुतला आणि तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडले.

अपूर्वचा हा मित्र चिंतामणी आला तेव्हा गोळे शिजले होते. ते गरम असतानाच दाबावे लागतात. मी एक साच्यात घातला, खाली केळीचं पान धरलं आणि अपूर्वकडे बघितलं.

"आत्ता? अगो, थांब तरी!" म्हणत त्याने दांड्यावर भार टाकला.

"जिमला जातोस ना रे? मग कण्हतोस कशाला?" चिंतामणी हसला.

"तू ये, दाबून बघ!"

मग दोघांनी मिळून दाबलं. पांढऱ्याशुभ्र तारा पानावर उतरल्या. नारळाच्या गोड रसाबरोबर नैवेद्य दाखवला आणि दोघांना वाढलं. आता मला बोलायची मोकळीक होती.

पण आधी चिंतामणीच म्हणाला, "काकू, साचा इथेच असू दे. मी सोमवारी येतो दाबायला."