दोन दिवसांचं काम

आमच्या कट्ट्यावर नऊ हजार माणसं होती आणि त्यातल्या एकानंही तो फोन कधी हातात धरलेला नव्हता. म्हणून काय कुणाचं अडलं होतं? कुणी त्याच्यासाठी रिंगटोन बनवले, कुणी कव्हरं शिवली, एका निवृत्त मास्तरांनी तर पडद्यावर लावायला चोपन्न चित्रं काढून ठेवली. तीन वर्षं आम्ही न आलेल्या पाहुण्याच्या ताटाभोवती मांडी घालून बसलो होतो.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची गप्पांची जागा. फोनचं नाव ‘मोकळा’. त्याचे सगळे नकाशे जाहीर, आतला प्रोग्रॅम जाहीर. कुणीही उघडावा, बदलावा, आपल्याला हवा तसा करून घ्यावा. मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसते. कंपन्या फोन असे चिकटवून बंद करतात की नुसती बॅटरी बदलायची तरी गरम हवा मारून काच सोलावी लागते, आणि काच तडकली की शिव्या मला. तेव्हा मोकळ्याच्या नादाला मी लागले यात नवल नाही. कट्ट्यावर माझं नाव डागवाली. ते दादानं ठेवलं होतं. “दिवसभर तारांना सोल्डरचे डाग मारत बसतेस, दुसरं काय नाव ठेवणार?”

दादा माझा थोरला भाऊ. तो एका स्टँडवर टॅक्सी चालवायचा. तिशीत त्याची नजर गेली, तेव्हा त्याच टॅक्सी स्टँडच्या एवढ्याशा ऑफिसात तो फोनवर बसायला लागला. गिऱ्हाईकाचा फोन घ्यायचा, कुठून कुठे जायचंय ते ऐकायचं, आणि जवळच्या गाडीला जोडून द्यायचं. गाड्या सव्वीस, रस्ते सगळे डोक्यात. त्याच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये मी खटपट करून एक छोटा प्रोग्रॅम घातला होता. एक आणि चार दाबलं की चौदा नंबरची गाडी, आणि फोन लागायच्या आधी कानात ड्रायव्हरचं नाव. ‘लंबू’. ‘घोऱ्या’. ‘काकी’. दादाचा अंगठा बटणांवर असा चालायचा की स्टँडच्या मालकीणबाई आल्यागेल्याला बोलावून दाखवायच्या. बारा वर्षांत त्यानं एकही गाडी चुकीच्या दारात पाठवली नव्हती, आणि हे तो आम्हाला दर चार दिवसांनी ऐकवायचा.

मग मोबाइल कंपनीचा मेसेज आला. जुनं नेटवर्क वर्षअखेरीला बंद. जुने फोन त्या दिवसापासून मुके.

बटणांचे नवे फोन बाजारात होते, पण सगळे कुलूपबंद. माझा प्रोग्रॅम त्यात शिरेना. काचेचा फोन दादाला देऊन पाहिला. काचेवर बोट फिरवायचं, ती एकेक नाव वाचणार, हवं ते आलं की दोनदा टिचकी मारायची. तोवर गिऱ्हाईक कंटाळून पायी निघालेलं असायचं. मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, “हे बघ, वर्षअखेरपर्यंत तुझी काही सोय झाली तर तू आहेसच. नाहीतर मला ते गाड्या जोडून देणारं ॲप बसवावं लागेल. माझाही नाइलाज आहे.”

आणि मोकळ्याला बटणं होती. जाहीर झालेल्या पहिल्या नकाशात पडद्याखाली बारा बटणं, पाचाच्या बटणावर बोटाला लागेल असा उंचवटा. मी तो नकाशा खऱ्या मापात छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि त्यावर जुन्या रिमोटची बटणं बसवली. दादा रोज संध्याकाळी तो पुठ्ठा घेऊन बसायचा. एक-चार. दोन-दोन. शून्य-सात. “लंबूला लावलाय, उचलत नाहीये,” म्हणून स्वतःच हसायचा. मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, “बारके, तुझा मोकळा कुठवर आला?” जणू स्वारी घरून निघालीये आणि मधल्या कुठल्यातरी स्टेशनवर चहाला उतरलीये.

कट्ट्यावर प्रत्येक गोष्ट मतदानानं ठरायची, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. रंग मतदानानं, खोक्याचा आकार मतदानानं, चार्जरची वायर किती लांब हेही मतदानानं. फेब्रुवारीत फोन बनवणाऱ्यांनी नवं मतदान लावलं. बटणांचे साचे कारखान्यात अडकले होते. बटणं हवी असतील तर फोन पुढच्या वर्षी मार्चमध्ये. बटणं सोडली तर याच सप्टेंबरात. शिवाय फोनच्या खालच्या कडेला एक खाच ठेवू, तिचा नकाशाही जाहीर करू. ज्यांना बटणं हवीत त्यांनी वेगळी बटणपट्टी बनवून तिथे बसवावी.

मी महिने बोटांवर मोजले. मार्च म्हणजे नेटवर्क बंद झाल्यावर. मालकीणबाई तेवढं थांबणार नव्हत्या. सप्टेंबर म्हणजे हाताशी तीन-चार महिने. माझं मत ठरलं. पण गुपचूप मत देऊन बाजूला झाले असते तर मी कसली. कट्ट्यावर बटणांसाठी अडून बसलेले बरेच होते. कुणाला दिसत नव्हतं, कुणाचे हात थरथरायचे, एकजण बर्फाच्या गोदामात हातमोजे घालून काम करायचा. त्या सगळ्यांना उद्देशून मी भलंमोठं पत्र लिहिलं. “माझ्या भावाला दिसत नाही, तेव्हा बटणांची गरज मला कुणी शिकवू नये. मी रोज फोन उघडते. बटणपट्टी म्हणजे दोन दिवसांचं काम आहे. नकाशा सगळ्यांसमोर आहे, कुणीतरी बनवेलच. आधी फोन तर येऊ द्या.”

सातशे बारा जणांनी त्या पत्राला अंगठा दिला. गोदामवाल्यानं खाली लिहिलं, “डागवाली म्हणतेय तर माझंही मत तिकडे.” बटणं एकशे अकरा मतांनी पडली.

घरी येऊन मी दादाला म्हणाले, “लोकांनी बटणं काढली रे. मतदान झालं.”

“कोण लोक?”

“आहेत एकेक शहाणे. पण वेगळी बटणपट्टी येणार आहे. तू काळजी करू नकोस.”

“त्या शहाण्यांना एक दिवस आमच्या स्टँडवर पाठव,” तो म्हणाला आणि पुठ्ठा मांडीवर घेऊन बसला.

मी खोटं का बोलले? उगाच. शेवटी सगळं नीटच होणार आहे तर कशाला त्याच्या डोक्याला ताप, असं मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही पटतं.

‘कुणीतरी बनवेलच’ हा आमच्या लोकांचा खास रोग. सुताराला टेबल हवं असलं तर तो उठून टेबल बनवतो. आमच्याकडे कुणालाही बनवता येईल असं म्हटलं की ते बनल्यातच जमा. बटणपट्टीवर एकशे चाळीस पानं चर्चा झाली. तिला नाव काय द्यावं यावर मतदान झालं. मास्तरांनी तिच्यासाठी आकड्यांची सुबक वळणं काढून दिली. जूनमध्ये गोदामवाल्यानं विचारलं, “पट्टी कुठवर आली?” तिघांनी उत्तर दिलं, “डागवाली बनवतेय ना.” मी ते वाचलं. मी काहीच बनवत नव्हते. त्या पत्रानंतर कट्ट्यावर माझा भाव वाढला होता. नवीन माणसं मला विचारून विचारून शंका काढायची, मी दुपारचं जेवण बाजूला ठेवून उत्तरं द्यायची. चारचौघांत मोठेपणा मिळाला की कुणाला नको असतो? मी लिहिलं, “सुरू आहे.”

सप्टेंबरचा फोन ऑक्टोबरच्या शेवटी आला. कट्ट्यावर खोकी उघडतानाच्या फोटोंचा नुसता पूर. मी त्याच दिवशी पट्टी करायला घेतली. दोन दिवस म्हटलं होतं, तीन आठवडे लागले. बारा बटणं, पाचावर उंचवटा. खाचेत चपखल बसली. दादानं एक-चार दाबलं. फोन म्हणाला, ‘लंबू’. दादा हसायलाच लागला, थांबेना. मग अर्ध्या मिनिटानं फोन झोपला, पडदा काळा झाला, आणि बटणं मेली.

बॅटरी वाचवायला फोन झोपताना खाचेची वीज तोडत होता. बटणं जिवंत करायची तर आधी काचेवर बोट ओढून त्याला उठवायचं. सतत जागा ठेवला तर तापून बंद पडायचा. दादानं स्टँडवर दोन दिवस तसंच रेटलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी हॉस्पिटलच्या दारात तासभर उभी राहिली, कारण तिची गाडी भलत्याच दारात गेली होती. संध्याकाळी घरी आल्यावर तो नेहमीचं काही ऐकवत बसला नाही. सकाळी पुन्हा जुनाच फोन घेऊन गेला.

मी कट्ट्यावर लिहिलं. एक उत्तर आलं, “चांगला मुद्दा. नोंदवून ठेवलाय.” दुसरं आलं, “प्रोग्रॅम जाहीर आहे, कुणीतरी दुरुस्त करेलच.” माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मी तो प्रोग्रॅम उघडून महिनाभर डोकं फोडलं. तारांचं मला कळतं, छोटासा प्रोग्रॅमही जमतो, पण एवढ्या मोठ्यातलं ओ की ठो कळेना. फेब्रुवारीपासून सुरुवात केली असती तर ही गोची मला, त्यांना, कुणालातरी वेळेत कळली असती. आठ महिने होते. ते मी बोलण्यात घालवले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाराला जुनं नेटवर्क गेलं. दादा काकीला पत्ता सांगत होता, “उजवीकडे वळलीस की दुसरं...” आणि पुढे ऐकायला कुणी नव्हतं. मालकीणबाईंनी त्याला घरी सोडायला चौदा नंबरची गाडी दिली. लंबू मला नंतर म्हणाला, “तुमच्या दादानं सगळा रस्ता मला वळणं सांगितली. मला पाठ आहे, पण मी काही बोललो नाही.”

जानेवारीत ॲप बसलं. दादा घरी बसला. मोकळा मी त्यालाच देऊन टाकला; नुसती काच, पट्टी माझ्याकडे दुकानात. काचेवर बोट फिरवत तो हळूहळू वापरायला शिकला. आता घाई करणारं गिऱ्हाईक नव्हतं.

एप्रिलमध्ये कुठल्यातरी दूरच्या देशातल्या एका बाईनं प्रोग्रॅममधल्या तीन ओळी बदलल्या. तीन. फोन झोपला तरी बटणं जागी राहायला लागली. कट्ट्यावर जल्लोष. मास्तरांनी लिहिलं, “पाहिलंत? ही आपली ताकद!” गोदामवाला मात्र बरेच दिवस दिसलाच नव्हता. सुधारलेला प्रोग्रॅम आदल्याच दिवशी दादाच्या फोनवर आपोआप उतरला होता. मी दुकान अर्ध्यातच सोडलं आणि पट्टी घेऊन घरी पळाले. आता मालकीणबाईंना जाऊन भेटू, ॲपबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेतच, असं काय काय वाटेत ठरवलं.

दादा टेबलाशी बसला होता. समोर फोन, आणि फोन एका सपाट बायकी आवाजात काहीतरी वाचत होता. पुठ्ठा शेजारीच होता.

“काय ऐकतोयस?”

“तुमचा कट्टा. अगदी पहिल्या पानापासून. रोज थोडं थोडं ऐकतो. वेळ आहे ना.”

“दादा, पट्टी चालायला लागली! हे बघ...”

“थांब जरा.” त्यानं हात वर केला. “मागच्या फेब्रुवारीपर्यंत आलोय.”

आवाज वाचत होता. लिहिणारी, डागवाली. माझ्या भावाला दिसत नाही, तेव्हा बटणांची गरज मला कुणी शिकवू नये. एकही शब्द न गाळता, कुठेही न अडखळता तो पूर्ण पत्र वाचत गेला. मला वाटलं फोन हिसकावून घ्यावा. आधी फोन तर येऊ द्या. सातशे बारा अंगठे. मग गोदामवाल्याचं वाक्यही वाचलं.

दादानं फोन थांबवला आणि माझ्यापुढे हात पसरला. मी त्यावर पट्टी ठेवली. त्यानं ती चाचपली, पाचावरचा उंचवटा शोधला, खाचेत सरकवली. पडदा काळा होऊ दिला. मग न चाचपडता, नेहमीसारखा, अंगठा गेला. एक-चार.

‘लंबू’, फोन म्हणाला.

घंटी वाजायच्या आत त्यानं कॉल तोडला.

“छान बसलीये,” तो म्हणाला. थोडा वेळ बटणांवरून अंगठा फिरवत राहिला. “झाले का गं तुझे दोन दिवस?”