आमची पट्टी

२०१८ सालची गोष्ट. दिवाळी झाली होती, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या होत्या आणि आमच्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आठ दिवस उरले होते. सून दामिनी पदर खोचून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आत्याबाई, नाटकाले माह्या माहेरचे पाव्हणे येऊन राह्यले. त्याईले बसवू कुठी? तुमच्या डोक्यावर?"

"तिथी तू बसलीच आहेस. त्याईलेही जागा होईन."

"साप निघन एखाद्या दिवशी यातून."

"निघू दे. तो तरी तोंड चालवत नाई."

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, हे खरं. फुटका रांजण, तीन पायांची बाज, माझा मुलगा निकेश ज्यात झोपला तो पाळणा. कोणती वस्तू कोणत्या साली आली हे मला पाठ होतं, म्हणून एकही टाकवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी निकेश कामाला गेला आणि भंगारवाला आला. सगळ्या पसाऱ्याच्या बदल्यात सहा प्लास्टिकच्या खुर्च्या द्यायला तो तयार झाला. दामिनीने एकेक वस्तू अंगणात ओढली. त्यात आढ्याला टांगलेलं, धुराने काळं पडलेलं एक गाठोडं होतं. ती आमची पट्टी.

गावच्या तलावात चैतात मोठं ओढजाळं पडतं. ते एकाचं नसतं. प्रत्येक घर आपली पट्टी विणतं, त्या दिवशी तलावाच्या बांधावर, पाळीवर, सगळ्या पट्ट्या जोडतात आणि ज्याची पट्टी त्याचा मासळीत वाटा. दामिनीचं माहेर नदीकाठचं, तिथे एकट्याने फेकायची जाळी. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, आमचा चैत तिने पाहिला नव्हता; तिला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. मी ओट्यावर बसून बघत राहिले. वाटलं, चैतात हिची गावासमोर फजिती होऊ दे. आमचा वाटा बुडेल असं मनातही आलं नाही. जाळ्याचा नियम माझ्या नवऱ्याने, नथ्थूने बांधलेला; त्याच्या घराला कोण अडवणार?

चैतात चुलतदीर पत्रू पाळीवर म्हणाला, "वहिनी, पट्टी?"

"सुनेनं भंगारात देल्ली."

दामिनी माझ्याकडे वळली. "तुम्ही ओट्यावरच होत्या ना? काऊन नाई बोलल्या?"

"तुले सगळंच समजते म्हणून."

पत्रू म्हणाला, "नथ्थूभाऊचाच नियम आहे, वहिनी. पट्टी नाई त जागा नाई. रिकामी जागा जो भरन, त्याचीच." आणि त्याने आपली दुसरी पट्टी आमच्या जागी जोडली. आम्ही रिकामी टोपली घेऊन परतलो.

पत्रू दोन वर्षांनी वारला. दोन्ही जागा आता त्याच्या मुलांकडे आहेत. निकेश राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकवर लागला, सणाला येतो. दामिनी माझं ताट दारात ठेवते आणि औषधाच्या वेळेपुरतं बोलते. मी नवी पट्टी विणायला घेतली होती, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. दामिनीचा राग मला अजून येतो. मात्र पट्टी कशी गेली असं कुणी विचारलं, तर मी तिचं नाव घेत नाही.