सोजरबाईंच्या दादाचा हार

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. मेलबर्नच्या क्लेटनमध्ये, किरणच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून उभा असतो. त्याच्या बायकोने, प्रतीक्षाने, विद्यापीठात शिकत असताना मला घेतलं. तेव्हा माझा थाट काय विचारता! पुढे काच तडकली, बॅटरी टिकेना आणि मी अडगळीत गेलो. किरणची आई, सोजरबाई, इथे राहायला आल्या आणि त्यांनी मला बाहेर काढलं. रोज पदराने पुसून त्या माझ्यावर नागपूरच्या भावाशी, शांतारामदादांशी, बोलायच्या.

दादा निवृत्त मास्तर. या रविवारी जुने विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार होते. "दादा, हार घातलेला फोटो पाठव हं," असं सोजरबाईंनी दहादा बजावलं होतं.

रविवारी दुपारी किरणचा फोन वाजला. दादा पहाटेच गेले होते. आई आत झोपलेल्या. त्याने शिफ्टवरच्या प्रतीक्षाला हळूच फोन केला, "आईची बायपास झालीय गं. मला एकट्याला नाही जमणार. तू ये, मग सांगू."

मला बंद करायचं मात्र त्याला सुचलं नाही. थोड्या वेळाने घरच्या ग्रुपवर फोटो आला. दादांच्या फोटोला भलामोठा हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, माझी बॅटरी आत्ताच्या आत्ता संपावी.

सोजरबाई उठल्या, चहा ठेवला आणि सवयीने मला चार्जिंगला लावलं. ज्या मायेवर मी जगलो, तिचीच मला भीती वाटू लागली. स्क्रीन उजळली. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"अगंबाई, दादाचा सत्कार झाला! किरण, केवढा हार बघ! खाली काय लिहिलंय रे? चष्मा आण माझा."

किरण चष्मा घेऊन दारात आला. मी जिवाच्या आकांताने विझायला बघत होतो, पण सोजरबाई दादांच्या गालावरून बोट फिरवत होत्या.

"दे ना. असा काय उभा राहिलास?"

त्याने चष्मा खिशात टाकला, मला पालथं घातलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"आई, वाचू नकोस. मी सांगतो."

त्याने सांगितलं. त्यांचा हात छातीकडे गेला तेव्हा मी फार घाबरलो. किरणने तो हात घट्ट धरला आणि मग त्या रडल्या, खूप रडल्या. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, वेळेवर चार्ज करा. पण कुणी गेल्याची बातमी आमच्या हवाली करू नका. आम्हाला कुणाचा हात धरता येत नाही.