आरशांच्या गल्लीतली माती

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाईच म्हणायचे. पीएचडीची पदवी तेवढी बाकी होती, आणि ती मिळायचं काही लक्षण दिसत नव्हतं.

विषय म्हणजे इतिहास, वैद्यक, रसायन, मृदाशास्त्र अशा चार खात्यांची मोट. दीडशे वर्षांपूर्वीच्या दवाखान्याच्या वह्या तिने वाचून काढल्या. एकाच गल्लीतल्या त्रेपन्न लोकांचे हात थरथरायचे, दात हलायचे. गल्ली आरसे बनवणाऱ्यांची, आणि तेव्हा काचेमागे पारा लावायचे. तो पारा अजून तिथल्या मातीत आहे, आज तिथे खेळणाऱ्या पोरांच्या पायाखाली आहे, हे तिला दाखवायचं होतं. पण अकरा महिन्यांत मातीचे अडीचशे नमुने तपासून पारा निघाला जवळपास शून्य. पुढच्या सोमवारी विद्यापीठाची आढावा समिती बसणार होती. पारा नाही, तर संशोधन बंद.

समितीला आठ दिवस असताना, रविवारी मामा आला. तो भांड्यांना सोन्याचा मुलामा द्यायचा, अगदी जुन्या पद्धतीने.

"काय डॉक्टरीणबाई, तोंड का पाडलंयस?"

"माती आणते, भट्टीत वाळवते, तपासते. काही निघतच नाही रे."

"भट्टीत?"

"एकशे पाच डिग्री, रात्रभर. शिसं असो, तांबं असो, आमच्याकडे सगळ्याला तेच."

मामाने कप खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "अगं वेडाबाई, मी सोनं पाऱ्यात कालवतो, भांड्याला फासतो आणि तापवतो. पारा उडतो, सोनं राहतं. तू आधी पारा उडवून लावतेस आणि मग त्याला हुडकत बसतेस होय!"

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पारा उकळतो तीनशे सत्तावन्नला, हे ती झोपेतही सांगेल. म्हणून एकशे पाचला त्याला काही होत नाही, असं ती धरून चालली होती. अरे, पण ओला टॉवेल काय पाणी उकळल्यावरच वाळतो?

नशिबाने प्रत्येक नमुन्यातली अर्धी माती फ्रीजमध्ये ओलीच होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने नऊ नमुने काढले, न तापवता हवेवर वाळवले, शुक्रवारी तपासले.

समितीपुढे तिने सुरुवातच चुकीपासून केली. भट्टी, मामा, सगळं सांगितलं.

रसायनवाले सर चष्म्यावरून बघत राहिले. "म्हणजे आधीचे अडीचशे आकडे?"

"केरात, सर."

"आणि हे नऊ?"

तिने कागद पुढे सरकवला. नऊपैकी आठांत पारा, तोही भरपूर. सर्वात जास्त तिथे, जिथले रुग्ण वहीत सर्वात जास्त.

इतिहासाच्या मॅडम पुटपुटल्या, "बापरे."

सरांनी कागद दोनदा वाचला. "उरलेले नमुने सहा महिन्यांत होतील?"

कुणीही हो म्हणून मोकळं झालं असतं.

"नाही, सर. वर्ष लागेल. आणि गल्लीतल्या लोकांना मी आजच सांगणार, पदवीची वाट बघणार नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि मुदतीच्या रकान्यात लिहिलं, एक वर्ष.