‘नाही’आधीचा स्वल्पविराम

दिराने हाणलेला गजाचा पहिला फटका दादाच्या गुडघ्यावर बसला. माझा सख्खा भाऊ छापखान्याच्या फरशीवर कोसळला. दुसरा तोंडावर बसला आणि खाली पसरलेले कोरे कागद लाल झाले.

“वाच!” दिराने प्रूफाचं पान त्याच्या नाकासमोर धरलं. “स्वतःच्या तोंडाने वाच!”

दादाच्या आठवणींचं पुस्तक मीच जुळवत होते. इमारती बांधण्यात आयुष्य गेलेला माणूस, विरामचिन्हांशी त्याचं उभं वैर. माझा नवरा त्याचा भागीदार होता. परांचीवरून पडून तो गेला, तेव्हा वर ते दोघंच होते. दादाने लिहिलं होतं, ‘मी त्याला ढकललं नाही तो घसरला.’ मला तरी तसंच आठवत होतं. दिराला मीच वाचायला दिलेल्या प्रूफात मात्र होतं, ‘मी त्याला ढकललं, नाही तो घसरला.’

“भावजी, थांबा! चूक माझी आहे!” मी मध्ये पडले आणि गजाचा फटका खांद्यावर घेतला. “‘नाही तर’च्या आधी स्वल्पविराम हवा होता. एकेक कोण घालत बसणार? संगणकाच्या शोधा-बदलाला नुसतं ‘नाही त’ दिलं, त्यात ‘नाही तो’पण सापडलं. जिथे दोन स्वल्पविराम झाले, तिथे पुन्हा एक केला.”

दिराने दादाच्या मानेवर पाय दिला. “मूळ फाइल बघा, वहिनी. तुम्ही सांगाल ते खरं.”

मी दादाची फाइल उघडली. पानंच्या पानं एकही स्वल्पविराम नव्हता. त्या ओळीत होता. ‘ढकललं’च्या पुढे, त्याने स्वतः दिलेला.

दादा पडद्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

“वहिनी?” गज वर गेला होता.

“नाहीये,” मी म्हणाले. “मुळात स्वल्पविराम नाहीये.” बोलून गेले. रक्ताचा भाऊ होता शेवटी.

गज खणकन पडला. दादाचे पाय धरून दीर ढसाढसा रडायला लागला, माफी मागायला लागला.

दादाने ओठांवरचं रक्त पुसलं. “जाऊ दे,” तो म्हणाला. “माफ केलं तुला.”

माफ केलं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वाकून गज उचलला.

“भावजी,” मी म्हणाले, “बाजूला व्हा.”