साडूची कादंबरी

चष्मेवाल्याच्या दुकानात लांबचं तपासायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तसा सगळ्यांकडे असतो. जवळचं तपासायला मात्र तो गिऱ्हाइकाच्या हातात नवी कोरी कादंबरी द्यायचा. इतर दुकानांत त्यासाठी एक मळका पुठ्ठा असतो आणि त्यावर लहान-मोठ्या टायपात काहीतरी निरर्थक छापलेलं असतं. चष्मेवाल्याचं म्हणणं असं, की माणूस चाळिशी लावून आयुष्यभर पुठ्ठा वाचणार आहे का? म्हणून काउंटरवर कायम चार-पाच कादंबऱ्या पडलेल्या असत, आणि त्याही अलीकडे आलेल्या. गिऱ्हाईक दोन ओळी वाचून "हां, आता स्वच्छ दिसतंय" म्हणालं की हा विचारायचा, "दिसतंय ते ठीक. वाटतंय कसं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचं मत सांगून टाकायचा.

मतं पक्की होती. रहस्यकथेतला खुनी त्याला तिसऱ्या प्रकरणात कळायचा, आणि नाही कळला तर लेखकाने लबाडी केली असं तो धरून चालायचा. ऐतिहासिक कादंबरीत पहिल्याच पानावर घोडा फुरफुरला की पुस्तक मिटायचा. भयकथेबद्दल त्याची एकच शंका होती: एवढा त्रास होतोय तर ही माणसं घर का सोडत नाहीत, आगाऊ भाडं भरलंय का? विज्ञानकथेतली माणसं दुसऱ्या ग्रहावर जाऊनही कपाटात जागा कुणाला किती यावरून भांडतात, हे त्याला पटायचं, तेवढंच पटायचं. प्रेमकथा आपण बायकोसाठी आणतो असं तो सांगायचा आणि स्वतः वाचायचा.

ही मतं एका आड एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत, शब्दकोड्याच्या खाली, 'नजरेखालून' या सदरात छापून येत. पुरवणीचा संपादक त्याचं जुनं गिऱ्हाईक होता. सदराचा जगावर काय परिणाम होई ते सांगता येत नाही, पण सासुरवाडीत होई. कुठल्याही समारंभात सासरे बाजूला घेऊन विचारत, "सध्या काय वाचण्यासारखं?" कुणाकडे जमीन असते, कुणाकडे गाता गळा असतो. याच्याकडे मत होतं. त्या जोरावर तो सासुरवाडीत मधल्या खुर्चीवर बसायचा.

आणि मग साडूने कादंबरी लिहिली.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. घरात त्याला सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणत. चष्मेवाल्याला हे आधीपासूनच खुपत होतं. दोघंही माणसाच्या मानेच्या वरच काम करतात, मग एकालाच हुद्द्याने हाक का? पण डॉक्टर कधी काही वाचत नाही, हा मोठा दिलासा होता. आता कळलं, की पेशंटचा जबडा बधिर व्हायला जी दहा मिनिटं लागतात, त्या दहा-दहा मिनिटांत या गृहस्थाने अख्खी कादंबरी लिहिली होती. तीही कुणाला न सांगता. प्रकाशकाने ती स्वतःच्या खर्चाने छापली होती, हे विशेष जिव्हारी लागलं.

डॉक्टर स्वतः प्रत घेऊन दुकानात आला. आत लिहिलं होतं, 'दादांना. तुमचं ऐकून ऐकून वाचायला लागलो.' यापेक्षा शिवी परवडली असती.

"दादा, सदरात घ्या, पण साडू म्हणून सूट नको हां."

"छे, सूट कसली," चष्मेवाला म्हणाला. हे मात्र तो मनापासून म्हणाला.

कादंबरीचं नाव 'शेजारचं कुलूप'. चष्मेवाल्याने दातांची अपेक्षा केली होती. दात नव्हते. एक कुटुंब परदेशी जातं आणि घराची किल्ली शेजारच्या बाईकडे ठेवतं, खिडक्या उघडायला, झाडांना पाणी घालायला. बाई रोज दुपारी जाते. खिडक्या उघडते, पाणी घालते, आणि मग त्या रिकाम्या घरात एका खुर्चीवर तासभर नुसती बसते. एवढंच. खून नाही, घोडा नाही, भूत नाही. कुठल्या प्रकारात टाकावी हेच कळेना. संध्याकाळपर्यंत त्याची वाचून झाली होती, आणि मधे दोन गिऱ्हाइकं 'बंद आहे का?' विचारून निघून गेली होती. पुस्तक चांगलं होतं. पोटात दुखायला लागावं इतकं चांगलं होतं.

पण खरं दुखणं पुढेच होतं. त्या बाईला राग आला की ती जास्त गोड बोलायची. अस्वस्थ झाली की इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करायची. आणि कुणी बोलत असलं की त्याच्या वाक्याचा शेवट ओठांतल्या ओठांत आधीच म्हणून टाकायची. चष्मेवाल्याला शंका आली. मग पुढचे काही दिवस तो घरात स्वतःच्या बायकोकडे चोरून बघत राहिला. तिने दूधवाल्याशी गोड आवाजात भांडण केलं. घडी घातलेला शर्ट उलगडून पुन्हा इस्त्री केली. आणि तो जेवताना सांगत होता, "खरी अडचण अशी आहे की हल्लीच्या लेखकांना..." तेव्हा तिच्या ओठांवर स्पष्ट आलं, 'शेवट जमत नाही.'

शेजारची ती बाई म्हणजे त्याची बायको होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने जे बघितलं नव्हतं, ते साडूने बघितलं होतं. वर्षातून चार वेळा येऊन, आणि तेही बहुतेक तोंडात घास असताना!

त्याने पहिला उपाय दुकानात केला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर योग्य काच चढवायच्या आधी तो एक थोडी कमी नंबराची काच चढवी आणि हातात 'शेजारचं कुलूप' देई. मग बरोबर काच घालून रहस्यकथा देई. म्हणजे एक पुस्तक डोकं दुखवणारं आणि दुसरं स्वच्छ, असं गिऱ्हाइकाच्या मनात आपोआप बसावं. पण बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब ते पुस्तक लांब धरता धरता खुर्चीवरून उठले, उजेडासाठी दारात गेले आणि तिथेच उभे राहिले.

"साहेब, काच बदलायचीय."

"थांबा हो. आताशी ती खुर्ची खिडकीकडे वळवतेय."

दुसऱ्या एका शिक्षिकाबाईंनी तर चष्मा नको पण पुस्तक द्या असं सुचवलं. चष्मेवाल्याने तो उपाय बंद केला.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, मलाही चाळिशी लागली वाटतं. नंबर काढून द्या ना."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? डॉक्टरांचं पुस्तक वाचायचंय. धाकटी रोज फोन करून विचारते, ताई, कुठवर आलीस. किती दिवस 'आले, आले' म्हणू?"

चष्मेवाल्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. "जवळचं कधीपासून दिसत नाहीये तुला?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"मग सदर?"

"कुठलं सदर?"

"माझं!"

"अहो, ते तर तुम्ही छापून यायच्या आधी चार दिवस मला तोंडीच सांगता. परत वाचायचं कशाला?" तिने हे इतक्या गोड आवाजात विचारलं की तो जरा घाबरला.

त्याने दुकानात नेऊन तिचा नंबर काढला. अगदी साधा नंबर, काचा ट्रेमध्ये तयार पडलेल्या. तासाभराचं काम. तो म्हणाला, "तुझ्यासाठी चांगल्या काचा मागवतो. ह्या नकोत." ती खूश झाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत याने तिच्यासाठी काही खास मागवल्याचं तिला आठवत नव्हतं. त्याला फक्त पुढचा रविवार गाठायचा होता. तिने पुस्तक उघडण्याआधी त्याचं मत छापून यायला हवं होतं. मत आधी गेलं की पुस्तक मागून आलं तरी चालतं. सदराची सगळी भिस्त त्यावरच होती.

सदर लिहायला तो बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने सगळ्यांची तोंड भरून स्तुती केली. त्या महिन्यातली रहस्यकथा 'श्वास रोखून धरायला लावणारी' ठरली. खुनी मुखपृष्ठावरच होता. ऐतिहासिक कादंबरीतला घोडा 'कमालीचा जिवंत' निघाला. भयकथा 'दिवसाही दिवे लावून वाचावी' अशी होती, विज्ञानकथेला 'दूरदृष्टी' होती. एवढे चार डोंगर उभे केल्यावर त्यांच्या पायथ्याशी त्याने साडूचं पुस्तक ठेवलं. 'प्रयत्न प्रामाणिक,' त्याने लिहिलं. 'मात्र घटना नाही. नायिका कृत्रिम वाटते. तिच्या नवऱ्याचं पात्र तर सर्वस्वी अविश्वसनीय. सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःची मतं ऐकवत राहणारा आणि समोरच्याला एकदाही काही न विचारणारा माणूस वास्तवात आढळत नाही.' हे शेवटचं वाक्य त्याने मनापासून लिहिलं होतं. ते पात्र त्याला खरंच पटलं नव्हतं.

रविवारी सकाळी पुरवणी आली आणि त्याने बायकोच्या हातात चष्मा ठेवला. तिने तो घातला, नाकावर सारखा केला, आणि जवळ पहिली छापील वस्तू होती ती उचलली. पुरवणी. चष्मेवाला समोर बसला. बायको आपलं सदर वाचतेय, हे दृश्य त्याने पूर्वी नक्की बघितलं असणार, पण आठवेना. ती सावकाश वाचत होती. शेवटाकडे आली तेव्हा तिचे खांदे हलू लागले.

"काय झालं?"

"काही नाही." तिने चष्मा काढून डोळे पुसले. "चारही पुस्तकं अगदी सारखीच छान आहेत हो. एकही वाचावंसं वाटत नाहीये. ते पाचवं द्या."

"अगं, पण मी लिहिलंय ना त्याच्याबद्दल..."

"म्हणूनच म्हणतेय. द्या."

ती दुपारभर वाचत होती. खिडकीशी बसून, पाय वर घेऊन. मधे दोनदा हसली, एकदा बराच वेळ पान उलटलंच नाही. चष्मेवाल्याने एक वर्तमानपत्र चार वेळा वाचलं.

"कितव्या पानावर आहेस?"

"आहे कुठेतरी."

"हसलीस कशाला?"

"वाचू द्या हो."

शेवटी त्याला राहवलं नाही. "ती बाई. ती तुला कशी वाटली?"

"छान आहे." तिने बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं. "कोण असेल हो? डॉक्टरांची मोठी बहीण असेल का? पण ती तर किती तोंडाळ."

चष्मेवाला बघत राहिला. तिला कळलं नव्हतं. म्हणजे प्रश्न मिटला होता. साडूने बघितलेलं साडूपाशी राहिलं असतं, बायको बायकोच्या जागी आणि मत मताच्या. त्याने नुसतं 'असेल' म्हणायचं होतं. पण ही बाई डॉक्टरच्या मोठ्या बहिणीच्या नावावर जमा व्हावी, हे त्याला आणखीच झोंबलं.

"बहीण कसली! तू आहेस ती."

"मी? काहीतरीच."

"काहीतरीच काय? राग आला की गोड बोलते. परवा दूधवाल्याशी कशी बोललीस? आणि इस्त्री? झालेल्या शर्टाला पुन्हा इस्त्री करणारी बाई आणखी कोण आहे आपल्या ओळखीत? आण इकडे." त्याने पुस्तक घेतलं आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. "हे बघ, 'तिला उत्तर आधीच माहीत असायचं, पण प्रश्न विचारणाऱ्याला संपवू द्यायची.' ही तू नाहीस? आणि हे, खिडकीची कडी लावल्यावर दोनदा ओढून बघते ते? काय लिहिलंय बघ! एक शब्द जास्त नाही. खुर्चीवर बसते तेव्हा पदर आवरत नाही, कारण तिथे बघायला कुणी नाही. असं लिहायला किती..."

तो थांबला. बायको त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघत होती. इतकं चांगलं मत त्याने कुठल्याच पुस्तकाला दिलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"हे सगळं माझ्याबद्दल तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. "नाही," तो म्हणाला. "वाचल्यावर बघायला लागलो."

"बरं," ती म्हणाली. तिने चष्मा वर सरकवला. "बरं, ती मी. पटलं मला. मग तिचा तो नवरा कोण हो?"

चष्मेवाल्याने पुस्तकात बघितलं. त्या नवऱ्याचं एक वाक्य नेमकं त्याच पानावर होतं आणि अर्ध्या पानाच्या पुढे गेलं होतं. घोडा असता तर या वेळी फुरफुरला असता.

बायकोने त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि फोन उचलला.

"कुणाला करतेस?"

"डॉक्टरांना."

"काय सांगणार आहेस?"

"माझं मत," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. दार तिने लोटून घेतलं. चष्मेवाला दाराशी गेला. आतून ती बोलत होती, भराभर, न थांबता, आणि हा आवाज गोड नव्हता. मधेच ती खळखळून हसली. पलीकडून डॉक्टर काहीतरी विचारत असावा, कारण ती म्हणाली, "सांगते ना," आणि पुन्हा सुरू झाली. एक शब्द धड ऐकू येईना. त्याने कान दाराला लावला. त्या क्षणी त्याला ते मत सदरासाठी नको होतं. त्याला ते फक्त स्वतःसाठी, आणि साडूच्या आधी हवं होतं.