आयच्या खाचरावरचा उजेड

आमच्याकडे आकाशात काही चमकलं की पहिलं नाव शूटिंगचं निघतं. आरेच्या जंगलात आमचा पाडा आणि टेकडीपलीकडे गोरेगावचे स्टुडिओ. तिथे क्रेनवर असले दिवे चढवतात की आमचे कोंबडे भलत्याच वेळी आरवत सुटतात. त्यामुळे त्या दिवशी दिवेलागणीला आयच्या खाचरावर उजेड येऊन थांबला, तेव्हा मी भाजीच्या जुड्या बांधता बांधता म्हटलं, "शूटिंग असंल."

बा मात्र अंगणातून उठून उभा राहिला.

आधी खाचराचं सांगते. आमच्या पाड्यात घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी भाताचं एक खाचर त्याच्या नावाने उभं ठेवतात. त्याला विळा लावायचा नाही. ते पाखरांनी खायचं, पाखरांनी खाल्लं की गेलेल्या माणसाला पोचलं. पण पाखरांच्या आधी कुणी आत शिरलं आणि दाणा पायाखाली मातीत गेला, तर ते माणूस उपाशी राहतं. आय माघात काविळीने गेली. भाताचं बियाणं तिनेच आदल्या वर्षी निवडून कणगीत ठेवलं होतं, म्हणजे या वर्षीचं सगळं भात तिच्याच हातचं. त्यातलं नाल्याकडचं, सगळ्यात भरलेलं खाचर बाने तिच्या नावाने सोडलं.

मला ते काही पटलं नव्हतं. बाकीची खाचरं केवढीशी, वर्षभर पुरायची नाहीत. मी म्हटलं, "बा, एक कोपरा सोड की. अख्खं कशाला?"

बा म्हणाला, "जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली ती. उरलंसुरलं खाल्लं. आता तरी पोटभर जेवू दे."

दसरा झाला, बाकीचं भात कापून झालं आणि नाल्याकडचं तेवढं पिवळंधमक उभं राहिलं.

त्याच खाचरावर तो उजेड होता. सुपाएवढा असेल. रंग हळदीचा, पण धुऊन फिकट झालेल्या हळदीचा. ताडाच्या उंचीवर तो नुसता थांबला होता. आवाज नाही, घरघर नाही. पाड्यावरची कुत्री एरवी पानाच्या सळसळीवर भुंकतात, ती पोट जमिनीला टेकवून बसली. वारा अजिबात नव्हता, तरी खालच्या लोंब्या एका बाजूला कलल्या होत्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. मग तो टेकडीच्या अंगाने वर गेला आणि जाता जाता विरून गेला.

बाने डोक्याचं फडकं काढलं, हात जोडले आणि हलकेच म्हणाला, "प्रेमा."

बाने आयला कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "अगं" नाहीतर माझ्या नावाने "दर्शनाची आय", एवढंच.

माझा भाऊ निलेश मोबाइल घेऊन अंगणात धावला होता. त्याला काय मिळालं, तर ताडामागे एक पिवळा ठिपका. दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओच्या गेटवरच्या ओळखीच्या वॉचमनला विचारून आला. त्या दिवशी तिथे शूटिंगच नव्हतं.

"मग ड्रोन असंल," मी म्हटलं.

"ड्रोनचा आवाज येतो ना गं," निलेश म्हणाला.

"मग असंल काहीतरी! सगळं आपल्याला कळलंच पाहिजे का?"

मी चिडले होते, कारण बा बदलला होता. माघापासून हा माणूस दोन घास खाऊन उठायचा. दाढी वाढलेली, विळा गंजलेला, कापणीही आम्हा भावंडांनीच केलेली, विचारलं तर हूं की चूं नाही. आता त्याने दाढी केली. स्वतःहून भाकरी मागितली, वर चटणी मागितली. रोज दिवस कलला की पाण्याचा तांब्या घेऊन तो आयच्या खाचराच्या बांधावर जाऊन बसायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. उद्या हे सगळं खोटं ठरलं तर याचं काय होईल, या धास्तीने मला काही सुचत नव्हतं. धास्ती वाटली की माझं तोंड सुटतं, हे पाड्याला ठाऊक आहे.

"बा, कुणी आलं नव्हतं," मी एकदा बोलून गेले.

त्याने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नये. दारात आलेल्याला 'कोण आलं नाय' म्हटलं तर ते पाऊल मागं घेतं. परत कधीच येत नाय. तुझं चालंल, पोरांचं बोलणं ते मनावर घेत नाय. पण घरधन्यानं बोलायचं नसतं." मग माझ्याकडे बघून तो हसला. "एकदा येऊ दे गं अजून. मी नीट बोललोच नाय तिच्याशी."

मी तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला.

इकडे निलेशने तो पिवळा ठिपका मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. गावभर बोभाटा व्हायला तेवढं पुरलं. रविवारी सकाळी पाड्यावर मोटारसायकली येऊन लागल्या. मग रिक्षा, मग गाड्या. कुणी अंधेरीहून, कुणी मुलुंडहून. लहान मुलं, थर्मास, चिप्सची पाकिटं. त्यात श्रेयस म्हणून एक मुलगा होता, त्याचं मोबाइलवर चॅनेल होतं. बोलायला गोड होता, उगीच वाईट का म्हणू? पण त्याच्यामागे जी झुंबड होती, ती बूटचपलांसकट नाल्याकडे निघाली.

मी आडवी झाले. "अहो, शेत आहे ते! आत जाऊ नका!" घसा फुटेपर्यंत ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. "आम्ही फक्त बघतोय, ताई," म्हणत लोक बांधावर चढले. एक बाई फोटोसाठी मागे मागे सरकत होती, तिची टाच पहिल्या ओळीतल्या लोंबीवर पडली.

बा धावत आला आणि खाचराकडे पाठ करून दोन्ही हात पसरून उभा राहिला. एवढ्या मोठ्या खाचरापुढे त्याचे दोन वाळके हात. मला रडू यायला लागलं. निलेशची तर मान वर होत नव्हती.

श्रेयसने मोबाइल पुढे धरला. "आजोबा, तुम्ही स्वतः पाहिलंत ना? काय आलं होतं? फक्त नेमकी जागा दाखवा, बाकी काही नको."

सगळ्यांचे मोबाइल बाच्या दिशेने वळले. बाने एकवार मागे वळून भाताकडे पाहिलं. त्याला कळत होतं आणि मलाही कळत होतं. हो म्हटलं की ही माणसं त्या जागेवर जाऊन उभी राहणार, आज हे, उद्या दुसरे. दाणा उरायचा नाही.

"काय नाय आलं," बा म्हणाला.

"म्हणजे?"

"कोण आलं नाय. शूटिंगची लाईट होती. पोराला काय कळतंय?"

माझेच शब्द होते ते. मी ते सहज फेकले होते, पण त्याच्या तोंडून ते मला ऐकवेनात.

"नक्की ना, आजोबा?"

"मी घरचा धनी हाय. मी सांगतोय ना, कोण आलं नाय."

गर्दी हिरमुसली. कुणी हसलं, कुणी निलेशला शिव्या घातल्या. श्रेयसने मोबाइल खिशात टाकला. दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला. बांधावर चिप्सची पाकिटं पडली होती, पहिल्या ओळीतल्या चार लोंब्या मोडल्या होत्या. बाकी खाचर उभं होतं. उन्हं उतरली तशा मुनिया आल्या, थव्याने आल्या आणि भातावर बसून खायला लागल्या.

मी धावत घरात गेले. "बा, पाखरं आली बघ. केवढी आली!"

बा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "जेवंल ती," तो म्हणाला. "पोट भरंल तिचं. यायची मात्र नाय आता."

दिवस कलला तरी तो उठला नाही. तांब्या चुलीपाशी पालथा होता. तो मी भरला, चपला अंगणात काढल्या आणि बांधावर गेले. आकाशात काही नव्हतं. टेकडीपलीकडे स्टुडिओचे दिवे तेवढे लागले होते. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. पोरांचं बोलणं मनावर घेत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. तरी तांब्या खाली ठेवला आणि बोलले.

"आय, बा खोटं बोलला. तुझ्या भातासाठी बोलला. तू आली होतीस. मीपण पाहिलंय."

मग घराकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं, आत बाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.